छातीतली जाळी आणि गिरणीतलं चुंबक

गिरणवालीच्या हृदयाची नळी डॉक्टरांनी मनगटातून जाऊन मोकळी केली, हे गावात कुणालाच पटलं नाही.

"हृदय कुठं असतं?" तिच्या धाकट्या दिराने विचारलं.

"छातीत," तिचा नवरा म्हणाला.

"आणि भोक कुठं पाडलं?"

"मनगटाला."

"मग फसवलं तुम्हाला. माझ्या मोटरसायकलचं इंजिन बंद पडलं आणि मिस्त्रीने आरसा खोलला, तर मी काय म्हणायचं त्याला? वा वा?"

या दिराला गाव सल्लागार म्हणायचं. शेत त्याने दुसऱ्याला कसायला दिलं होतं, त्यामुळे सकाळी डोळे उघडल्यापासून त्याला सल्ला द्यायला वेळ असायचा. त्याच्या सल्ल्यावरून एकाने घराच्या दाराची कडी आतूनच ठेवली होती, चोर बाहेरून उघडू शकणार नाही म्हणून. आता त्या घरात शिरायचं तर कुणीतरी आधीच आत असावं लागतं.

नवरा बिचारा सरळ माणूस. भाजीचा मळा, पाण्याचा पाइप आणि बायको यापलीकडे त्याने आयुष्यात कशाची काळजी केली नव्हती. आता बायकोची एवढी करत होता की मळ्यातला पाइप दोन दिवस एकाच वाफ्यात वाहत राहिला आणि वांग्यांचं तळं झालं.

गिरणवाली जीपमधून स्वतःच्या पायांनी उतरली, तेव्हा दारात तिची नणंद खुर्ची घेऊन उभी होती. नणंद नवऱ्याहून मोठी, विधवा, आणि गेली अकरा वर्षं याच घरात राहून सगळ्यांना जिवंत ठेवण्याचं काम करणारी.

"अगं, पाय खाली टेकवू नकोस!"

"टेकलेत, वन्सं."

"मग वर घे!"

चार शेजाऱ्यांनी खुर्ची उचलली. अंगणाच्या मधोमध सल्लागाराने सल्ला दिला की, डावीकडच्यांनी जरा हळू चाला. डावीकडचे हळू चालले, उजवीकडचे चालत राहिले, खुर्ची गर्रकन फिरली, तिचा एक पाय निखळला आणि गिरणवाली कुल्ल्यावर आपटली. दवाखान्यात नळीत तार घातली, आत फुगा फुगवला, जाळी बसवली, तेव्हा तिला एवढं लागलं नव्हतं. संबंध आजारपणात जे काही लागलं ते घरच्या अंगणात.

आजार तसा सांगून आला होता. सुगीचे दिवस, गिरणीसमोर डब्यांची रांग, आणि सकाळपासून तिचा जबडा दुखत होता. तिला वाटलं दाढ. मग डावा हात जड झाला. तिला वाटलं, गोण्या उचलल्या. मग छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं आणि घामाने अंगावरच्या पिठाचा चिखल झाला, तेव्हा मात्र तिने पट्टा उतरवला, मोटर बंद केली आणि रांगेतल्या बाईला सांगितलं, "तुझं अर्धं झालंय. उरलेलं नंतर." दवाखान्यात नर्स तिचा चेहरा बघून ओरडली, "केवढी पांढरी पडलीय ही!" गिरणवाली म्हणाली, "पीठ आहे. पुसा."

ऑपरेशनच्या टेबलावर ती जागी होती. शेजारच्या पडद्यावर तिच्या हृदयाच्या नळ्या दिसत होत्या, उपटलेल्या झाडाच्या मुळांसारख्या. एक मूळ मधेच चिमटलेलं. तिथं डॉक्टरने तार नेली, बारका फुगा फुगवला आणि धातूची जाळीदार नळी तिथं उघडून ठेवून दिली. पडद्यावर ते मूळ रंगाच्या औषधाने काळंभोर भरून आलं आणि छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. "जाळी किती नंबरची घातली?" तिने विचारलं, कारण गिरणीच्या चाळणीच्या जाळ्यांना नंबर असतात. डॉक्टरने तिला माप सांगितलं. तिने ते लक्षात ठेवलं. अख्ख्या दवाखान्यात असला प्रश्न विचारणारी ती पहिलीच, असं डॉक्टर म्हणाला.

घरी आल्यावर तिला एकच घोर होता. गिरणी तिची होती, पण जागा आणि दळायचे दगड गावाचे होते. दर वर्षी सुगीत समितीचे पाच जण जमायचे आणि पुढच्या वर्षासाठी नाव लिहायचे. एकोणीस वर्षं तिचंच नाव लिहिलं जात होतं. नियम एकच: ज्याचं नाव, त्याने दगडापाशी उभं राहायचं. तो माणूस पंधरा दिवस गिरणीत दिसला नाही, तर नाव बदलायचं. तिचे दवाखान्यात चार दिवस गेले होते. म्हणजे उरले अकरा.

"तोवर मी बघतो गिरणी," सल्लागार म्हणाला. "घरातलीच गोष्ट आहे."

"भावजी, तुम्हाला दळता येतं?"

"त्यात काय यायचं? वरून दाणे, खालून पीठ."

ती उठायला लागली. नणंदेने तिला खांदे धरून खाटेवर दाबलं.

पहिल्या दिवशी नणंदेने नियम केले: जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, हसायचं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणाली, शिंकूही देऊ नका, स्प्रिंग सुटते. गावाने जाळीला स्प्रिंग हे नाव पक्कं करून टाकलं होतं. तिसऱ्या दिवसापासून गिरणवालीला शिंक आली की नणंद तिचं नाक दाबून धरायची. त्यामुळे एकदा शिंक कानातून गेली आणि अर्धा दिवस तिला काही ऐकू आलं नाही. तेवढाच काय तो आराम.

चुंबकाचा शोध लावला सल्लागाराने, तोही दुसऱ्याच दिवशी.

गिरणीत दाणे वरून ओततात तिथं विटेएवढं चुंबक बसवलेलं असतं. धान्यात खिळा, तार, नटबोल्ट काही आलं तर ते धरून ठेवायला. नाहीतर लोखंड दगडांत जातं आणि दगडाचा टवका उडतो.

"दादा," सल्लागार भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनीच्या छातीत काय बसवलंय?"

"जाळी."

"कशाची?"

"धातूची."

"आणि ती रोज कशाशेजारी उभी राहते?"

नवऱ्याने विचार केला. मग त्याचा चेहरा उतरला. त्याच दुपारी तो पाना घेऊन गिरणीत गेला, चुंबक सोडवलं आणि चादरीत गुंडाळून कुठंतरी नेऊन ठेवलं. कुठं, ते त्याने भावालाही सांगितलं नाही.

घरातला रेडिओही त्याच संध्याकाळी गेला, कारण त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं.

"आता बातम्यांनी पण माझी स्प्रिंग निघणार का?" गिरणवालीने विचारलं.

"धोका कशाला पत्करायचा," नवरा म्हणाला.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे आजारपणाच्या सातव्या, एका शेतकऱ्याच्या गव्हात ट्रॅक्टरचा बोल्ट आला. सल्लागार तेव्हा गिरणीच्या दारात उभा राहून एकाला जावयाशी कसं वागावं ते सांगत होता. आत असा आवाज झाला की दारातला माणूस जावयाला विसरून पळाला. दगडातून ठिणग्या आल्या, मग धूर, मग पीठ. सल्लागाराने पीठ चिमटीत घेऊन बघितलं. "थोडं जाडसर आलंय," तो म्हणाला आणि दिवसभर तसंच दळून सगळ्यांना देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाव कचकच चावत होतं. शाळेच्या हेडमास्तरची कवळी दुभंगली. तो फळ्यावर लिहून शिकवायला लागला आणि पोरांना पहिल्यांदाच धडा समजला.

गिरणवालीला खाटेवरूनच खबर लागली, कारण तिच्या ताटातही खडा आला. तिने तो जिभेवर फिरवून काढला, उजेडात धरला.

"हा खडा माझ्या दगडाचा आहे," ती म्हणाली. "अहो, चुंबक जागेवर आहे ना?"

"जागेवर आहे," नवरा म्हणाला. तो खोटं बोलत नसे. चुंबक एका जागेवर होतंच.

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. गिरणवालीचं हृदय बिघडलं आणि तिची गिरणी बिघडली, असा सरळ हिशोब लोकांनी लावला. सल्लागाराने त्याला सल्ल्याची जोड दिली: गिरणीला दमाचा, तरणा, बिनस्प्रिंगचा माणूस पाहिजे. असा माणूस कोण, ते तो नम्रपणे सांगत नव्हता. फक्त छाती जरा पुढं काढून उभा राहत होता.

आठव्या दिवशी नवरा-बायको तपासणीला गेले. डॉक्टरने छाती ऐकली, कागद बघितले.

"दोन गोळ्या रोज. एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. चालत राहा. अजून काही आठवडे वजन उचलू नका. बसून करायचं काम करा, दमलात की थांबा. आणि गोळ्यांनी रक्त पातळ राहतं. कापलं तर लवकर थांबणार नाही. घाबरायचं नाही, घट्ट दाबून बसायचं."

"आणि चुंबक?" नवऱ्याने विचारलं.

"कसलं चुंबक?"

नवऱ्याने हातांनी आकार दाखवला. डॉक्टर हसला. "अहो, ती जाळी असल्या चुंबकाला चिकटत नाही. बिनधास्त जाऊ द्या त्यांना."

परतताना जीपमध्ये नवरा म्हणाला, "डॉक्टर हसला."

"मग?"

"मी एवढा गंभीर प्रश्न विचारला आणि तो हसला. त्याला माहीत नसणार."

नणंदेने स्वतःच खात्री करायचं ठरवलं. अकराव्या दिवशी सकाळी तिने शिवणाची सुई दोऱ्याला बांधली आणि खाटेवर बसलेल्या भावजयीच्या छातीसमोर लोंबती धरली. तिचं म्हणणं असं की सुई ओढली गेली तर छातीतली स्प्रिंग चुंबकाच्या जातीची. दारात सल्लागार आणि दोन शेजारणी.

"हलली!" शेजारीण म्हणाली.

"मी श्वास घेतेय," गिरणवाली म्हणाली.

"मग घेऊ नकोस ना," नणंद म्हणाली.

गिरणवालीने कपाळाला हात लावला, धक्का दोऱ्याला बसला आणि सुई निसटली. नणंद गुडघ्यांवर बसून खाटेखाली शोधायला लागली आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई! सुई उभी आहे!"

"कुठं?"

"पेटीला. अंगाला चिकटून उभी!"

खाटेखाली जुनी लाकडी पेटी होती. लाकडाला सुई चिकटत नाही, हे ज्याने एकोणीस वर्षं लोखंड आणि चुंबक यांचं भांडण बघितलंय त्याला सांगावं लागत नाही.

"वन्सं, पेटी बाहेर ओढा."

पेटीत चादर, चादरीत चुंबक. आणि पेटीच्या मागच्या अंगाला बाहेरून, त्याच्या ओढीने, घरातून चार-पाच दिवसांत हरवलेल्या वस्तू लगडलेल्या: तीन केसाच्या पिना, दोन किल्ल्या, सल्लागाराच्या मोटरसायकलचा पाना आणि नणंदेचा चमचा, ज्याच्यावरून तिने कामवालीशी अबोला धरला होता.

नवरा मळ्यातून चिखलाचे पाय घेऊन आला तेव्हा हे सगळं अंगणात मांडून ठेवलं होतं.

"हे इथं कुणी ठेवलं?"

"मी," तो म्हणाला. "तुला वाकायला बंदी आहे. म्हटलं, खाटेखाली तू कशाला बघतेस."

"आणि वर कोण झोपतंय?"

त्याने खाटेकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, बायकोच्या छातीकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"एवढ्या सगळ्या रात्री मी ह्याच्यावर झोपलेय," गिरणवाली म्हणाली. "स्प्रिंग आली का बाहेर?"

"म्हणूनच तुला बरं वाटत नव्हतं," नणंद म्हणाली.

"मला बरंच वाटत होतं, वन्सं! तुम्ही वाटू देत नव्हता."

"रात्रीचं अंतर होतं," दारातून सल्लागार म्हणाला. "मधे गादी होती. जवळून धोका जास्त."

झालं. गिरणवाली उठली, तिने नवऱ्यालाही उठवलं. "धरा ते दोन्ही हातांनी. मला वजन उचलायचं नाहीये. नीट छातीच्या उंचीला धरा."

"ऐक ना."

"आठवडाभर ऐकलं. धरा म्हणते."

नवऱ्याने चुंबक धरलं आणि डोळे मिटले. ती चार पावलं मागं गेली, पदर-बिदर न सावरता सरळ चालत आली आणि छाती टेकवली.

टक्क.

दोन्ही शेजारणी किंचाळल्या. सल्लागार अंगणाचं कुंपण ओलांडून पलीकडे गेला, कुंपणाला फाटक असताना. नणंद तर खालीच बसली. नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "आली?"

"पिन आहे," गिरणवाली म्हणाली. "कपड्याची पिन. उघडा डोळे." तिने पिन सोडवली, पुन्हा छाती टेकवली आणि तशीच उभी राहिली, आवाज नाही, काही नाही. मग शेजारणींकडे मान वळवून म्हणाली, "घरी जाऊन सांगा. आणि खरं सांगा, जमलं तर."

मग ती गिरणीकडे चालू लागली. सावकाश, डॉक्टरने सांगितलं तसं, आणि मागून नवरा चुंबक पोटाशी धरून, त्याच्यामागून नणंद गोळ्यांचा डबा घेऊन.

गिरणीत दगडाची अवस्था बघून मात्र तिचे डोळे भरले. नवऱ्याने साखळीने वरचा दगड उचलून उलटा केला. आतल्या खाचा बुजलेल्या, मधे मुठीएवढा टवका उडालेला. गिरणीच्या दगडाला खाचा असतात म्हणून तो दळतो. गुळगुळीत दगड नुसता दाणे गरम करतो. खाचा पुन्हा पाडायच्या म्हणजे टाकी लावायची: पोलादी टोकाची हातोडी घेऊन, दगडासमोर बसून, एका रेषेत हजार ठोके.

"टाकीवाला बोलावतो," नवरा म्हणाला.

"तो पुढच्या महिन्यात येतो. आज अकरावा दिवस आहे. पोतं टाका, बसते मी."

तिने डोळ्यांना चष्मा लावला आणि बसली. टक्, टक्, टक्. उजव्या मनगटाला तार घातली होती तिथं अजून जांभळा-हिरवा डाग होता, म्हणून हातोडी डाव्या हातात. डाव्या हाताने रेघ वाकडी जायची, मग ती पुसून नवऱ्याला खडूने आखायला लावायची. पंचवीस ठोके, मग थांबून श्वास. पन्नास ठोके, मग पाणी. नणंद घड्याळ घेऊन शेजारी.

"दमलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"दमले. दहा मिनिटं."

आणि दहा मिनिटं ती खरंच थांबायची. याचंच नणंदेला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. तिला वाटायचं बंडखोर माणूस थांबत नाही.

तेराव्या दिवशी दुपारी दगडाची बारकी कपरी उडाली आणि तिच्या अंगठ्याच्या मुळाशी लागली. जखम नखाएवढी, पण रक्त थेंबाने नाही, धारेने. पांढऱ्या पिठावर लाल रेघ पळाली. खिडकीत सल्लागार होताच.

"फुटली! स्प्रिंग फुटली! आता रक्त सगळीकडून येणार!" असं ओरडत तो गावात गेला.

नणंदेला घेरी आली. गिरणवालीने स्वच्छ फडकं घेतलं, घट्ट दाबलं, हात उंच धरला आणि भिंतीला टेकून बसली.

"अहो, वन्संना पाणी द्या. आणि घड्याळ मला दाखवा."

तिचंही काळीज धडधडत होतं. पाच मिनिटांनी फडकं लाल. तिने वर दुसरं ठेवलं, पहिलं न काढता. दहा मिनिटं. नवरा समोर उकिडवा बसलेला, त्याचे ओठ हलत होते, तो मिनिटं मोजत होता आणि चुकत होता. वीस मिनिटांनी तिने बघितलं. थांबलं होतं.

"थांबतं म्हणजे," ती म्हणाली, जरा स्वतःलाच. मग तिने पट्टी बांधून घेतली आणि हातोडी नवऱ्याकडे सरकवली. "आता उरलेल्या दोन ओळी तुम्ही मारा. मी सांगते कुठं."

"मी? मला कुठं येतं?"

"मला तरी डाव्या हाताने कुठं येत होतं?"

गावात पोचेपर्यंत त्या धारेची बादली झाली होती. संध्याकाळी दोघं जण सांत्वनाला आले. गिरणवाली दारात बसून पट्ट्याला मेण लावत होती. ते तिलाच भेटून "काळजी घ्या" म्हणत परत गेले.

चौदाव्या दिवशी सकाळी समिती आली. पाच जण. पुढे चेअरमन, जाड, गिरणीच्या तीन पायऱ्या चढून खांब धरून धापा टाकणारा. मागे सचिव, कागदवाला. मग तीन सदस्य: एक ऐंशीचा, एक सतत खोकणारा, आणि एक ज्याने दोन वेळा मोटरसायकलसकट विहिरीत उडी घेतली होती आणि दोन्ही वेळा ती चूक मोटरसायकलची होती. त्यांच्यामागे दळणाचे डबे घेऊन चाळीसएक माणसं. आणि सल्लागार, धुतलेले कपडे घालून.

"बाई, आम्ही ऐकलं," चेअरमन म्हणाला. "वाईट वाटलं. आता तुम्ही आराम करा. नाव घरातच राहील. दिराचं लिहू."

"पंधरा दिवस व्हायचेत," गिरणवाली म्हणाली. "आज चौदावा. मी दगडापाशी उभी आहे. बघा."

"उभं राहणं वेगळं."

"मग दळते."

तिने खूण केली. नवऱ्याने पायलीभर गहू वर ओतला, चुंबकावरून दाणे सरसरत गेले. तिने मोटर चालू केली. पट्टा फडफडला, दगड फिरला, खालून पीठ पडायला लागलं. तिने मोटर बंद करून पीठ चेअरमनच्या तळहातावर ठेवलं. त्याने चिमटीत चोळलं. ऐंशीच्या म्हाताऱ्याने चाखलं, जिभेवर फिरवलं आणि गिळलं. मागे हेडमास्तर उभा होता, त्याने तार लावलेली कवळी मोठ्या धैर्याने त्या पिठावर दाबून बघितली. कचकच नाही.

"पीठ चांगलं आहे," चेअरमन म्हणाला. "पण पिठाचा प्रश्न नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर? ऐन सुगीत गिरणी बंद. गावाने काय करायचं?"

"काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

चेअरमनने सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने सचिवाकडे. सचिवाने घरूनच लिहून आणलेला कागद काढला आणि वाचला: "मी खाली सही करणारी लिहून देते की, पुढच्या सुगीपर्यंत मी जिवंत राहीन. तसं न झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार राहीन."

"मी मेल्यावर मी जबाबदार?" गिरणवालीने विचारलं.

"तशी पद्धत असते लिहिण्याची."

नवरा पुढे आला. एकोणीस वर्षांत समितीसमोर तो कधी बोलला नव्हता. "हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

सल्लागार कपड्यांवरची नसलेली धूळ झटकायला लागला.

"राहू द्या," गिरणवाली म्हणाली. "करते मी सही. माझ्या आत नवी जाळी आहे, दोन गोळ्या वेळेवर घेते, नळी कुठं बंद होती आणि कुठं उघडली ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला हमी द्यायला काय जातंय?" तिने पेन घेतलं आणि कागदावर वाकून आपल्या मोठ्या अक्षरात एक ओळ वाढवली. मग मोठ्याने वाचली: "आणि ही हमी ज्यांनी मागितली ते पाचही जण पुढच्या सुगीपर्यंत जिवंत राहतील, अशी त्यांचीही हमी."

"हे कशाला?" चेअरमन म्हणाला.

"असं बघा. मी जगले आणि तुम्हीच गेलात, तर पुढच्या सुगीत ही हमी मी कुणाला दाखवू? तुम्ही करा आधी. मी सगळ्यात शेवटी करते."

तिने पेन चेअरमनच्या हातात दिलं.

चेअरमनने कागद बघितला. पेनाचं टोक कागदाला लावलं, उचललं, छातीवर हात ठेवला, जणू खिशात काही आहे का बघतोय, आणि पेन ऐंशीच्या म्हाताऱ्याकडे दिलं. म्हाताऱ्याने ते दोन बोटांत विंचू धरल्यासारखं धरून खोकणाऱ्याला दिलं. खोकणाऱ्याला नेमका खोकला आला. विहिरीवाल्याने जरा विचार केला, सही करायला हात टेकवलाही, पण त्याच्या बायकोने रांगेतून "खबरदार!" असा आवाज दिला. सचिव म्हणाला, मी तर नुसता लिहिणारा.

रांगेत कुणीतरी हसलं. मग दुसरा. मग डबे खडखडायला लागले.

पेन फिरून गिरणवालीकडे आलं. तिने ते सचिवाच्या खिशात अडकवलं आणि कागदाची घडी करून त्यावरच ठेवली. "आता वही काढा आणि नाव लिहा. पुरतं लिहा."

सचिवाने वही काढली, चेअरमनकडे बघितलं, त्याने काही खूण केली नाही, आणि सचिवाने लिहिलं. सल्लागार काहीतरी सल्ला द्यायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात नणंदेने त्याच्या हातात झाडू दिला. "भाऊ, गिरणीत आधी साफसफाई शिकतात."

गिरणवालीने मोटर चालू केली.

आता चेअरमनला काहीतरी म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलत होते. तब्येत, वय, बाईमाणूस, असलंच काहीतरी असावं. पण गिरणी चालू असताना या गावात कुणी तोंडाने बोलत नाही, ऐकूच येत नाही. बोटांनी बोलतात. पसरलेला पंजा म्हणजे जाड. अंगठा आणि बोट चोळलं म्हणजे बारीक. त्याच्या पायाशी त्याच्याच घरचा गव्हाचा डबा होता.

तिने भुवया उंचावल्या, एकदा पंजा पसरला, एकदा बोट चोळलं आणि वाट बघत राहिली.

चेअरमनचे ओठ थांबले. चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने हात वर केला आणि अंगठ्यावर बोट चोळलं.

गिरणवालीने मान हलवली, आणि पट्टी बांधलेल्या हाताने त्याला रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.